ताईच्या रुखवतातली आगगाडी

माझ्या पोटात लहानपणी जे काही अन्न गेलं, त्यातलं निम्मं तरी मूर्तिजापूरच्या गाडीच्या भरवशावर गेलं. आमचं घर यवतमाळात रुळाला लागूनच होतं. मागच्या अंगणाला तारेचं कुंपण, कुंपणाला टेकलेलं बोरीचं झाड आणि त्यापलीकडे तो बारका रूळ. आई गेली तेव्हा मी इतकी लहान होते की मला तिचा चेहरा आठवत नाही, आणि आठवतो असं उगाच सांगायची मला सवयही नाही. मला आठवते ती माझी मोठी बहीण, कुसुमताई. जेवायच्या बाबतीत मी महा हट्टी पोट्टी होते. मग ताई वाटीत दूध-भाकर कुस्करून मला कडेवर घ्यायची आणि कुंपणाशी जाऊन उभी राहायची. सकाळची गाडी स्टेशनातून सुटून आमच्या घरामागून जायची आणि पुढे चिंचेपाशी वळण घ्यायची. आमच्या स्टेशनावर इंजिन फिरवायची सोय नव्हती, त्यामुळे येताना सरळ आलेलं इंजिन जाताना उलटं लागायचं. म्हणजे कोळसा-पाण्याची टाकी सगळ्यात पुढे, आणि इंजिनाचं तोंड मागे, डब्यांकडे. वळणावर गाडी वळली की त्या डब्यांच्या पलीकडून ते काळं तोंड नेमकं आमच्याकडे बघताना दिसायचं. ताई म्हणायची, "इमल, पाह्य, ते तुह्याकडं पाहून राह्यलं. पाहत पाहत जाते, म्हणून वापस यायचा रस्ता त्याले ध्यानात राह्यते. खा लवकर, पाहून राह्यलं तोवर खा." मी आ करायची. इंजिन चिंचेआड गेलं की तोंड बंद.

घरात आम्ही चौघं. आबा, म्हणजे माझे वडील, कापसाच्या प्रेसमध्ये होते. तिथे रुईच्या गाठी दाबून बांधल्या की त्यांच्यावर अक्षरं छापायची असत, ते आबांचं काम. पत्र्यात कोरलेली अक्षरं गाठीवर धरायची आणि वरून काळ्या रंगाचा कुंचला फिरवायचा. आबांच्या नखांतला तो काळा रंग आंघोळ करूनही जात नसे. दुसरी फुलाआत्या, आबांची विधवा बहीण. आई गेल्यावर ती आमच्याकडे आली ती राहिलीच. आत्याच्या हाताला चव होती आणि जिभेला धार. वरणाला फोडणी देता देता ती चार घरांचा उद्धार करायची. हंगामात सगळ्या गावावर रुईचे तंतू उडायचे, ते कण्या-ताकात पडायचे, वाळत घातलेल्या लुगड्याला चिकटायचे, आणि आत्या प्रेसच्या मालकाला, सरकीला, वाऱ्याला आणि शेवटी आबांना शिव्या घालायची. आबा मान खाली घालून जेवायचे. "बरोबर हाय तुह्यं, फुला," एवढंच म्हणायचे.

ताईचं लग्न जमलं ते मूर्तिजापूरच्या एका घरात. मुलगा रेल्वेत फायरमन होता, त्याच आमच्या गाडीवर. म्हणजे इतकी वर्षं मी ज्या इंजिनाकडे बघून घास गिळत होते, त्याच्या पोटात कोळसा टाकणारा माणूस आता माझी ताई घेऊन जाणार होता. मी त्याला बघितलेलंही नव्हतं, तरी मनातल्या मनात त्याच्यावर चांगलीच खार खाऊन होते. पण आत्याची काळजी वेगळी होती. आमच्याकडे नवरीच्या बाजूने मांडवात रुखवत मांडायची रीत. शेवया, सरगुंडे, कुरडया, करंज्या, अनारसे यांचे थर, आणि सोबत घरच्या बायकांनी हाताने केलेल्या वस्तू: मण्यांचे हत्ती, कवड्यांचं तुळशीवृंदावन, साखरेचा बंगला. वराकडच्या बाया एकेक वस्तू उचलून बघतात, आणि त्यावरून नवरीच्या आईची किंमत करतात. इथे आईच नव्हती. आत्या एका दुपारी शेवया वळता वळता थांबली आणि म्हणाली, "खायाचं मी सारं करतो. पण कोणी एका तोंडानं जरी म्हटलं ना, का माय असती तर असं नसतं झालं, तर कुसुम जलमभर थेच ऐकत राहीन थ्या घरात." आत्याच्या डोळ्यांत पाणी मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. मला फार भीती वाटली. मी तिथल्या तिथे ठरवून टाकलं की ताईच्या रुखवतात असं काहीतरी असेल, की त्या लोकांची तोंडंच उघडायची नाहीत. काय असेल, ते मात्र माहीत नव्हतं.

ते सापडलं करीमचाचांच्या दुकानात. चाचा आमच्या गल्लीच्या तोंडाशी पत्र्याचं काम करायचे. रॉकेलच्या चिमण्या, डबे, चाळण्या, तेलाची मापं. कुणा साहेबाची बदली झाली तेव्हा त्याच्या बंगल्यातलं भंगार त्यांनी आणलं होतं, आणि त्यात होती एक खेळण्यातली आगगाडी. पत्र्याचं हिरवं इंजिन, मागे कोळशाची टाकी, आणि पिवळे तीन डबे. चाबी हरवलेली, त्यामुळे ती चालणार नव्हतीच. चाचा तिचे तुकडे करून चिमण्यांना बुडं लावणार होते. माझा जीवच गेला. "चाचा, कापू नोका! मले द्या." चाचांनी चष्म्यावरून बघितलं. "तू का करशील बेटा? आता का गाडी-गाडी खेळाचं वय हाय तुह्यं?" मी म्हटलं, "ताईच्या रुखवतात मांडाची हाय. आपली मूर्तिजापूरची गाडी कराची हाय." ताई त्यांच्या दुकानासमोरच लहानाची मोठी झालेली. मग त्यांनी कातर खाली ठेवली आणि म्हणाले, "कुसुमच्या शादीची हाय का? मंग मी बी हाय त्यात. पण तिले कळू द्याचं नाई. कळलं तर मजा काय राह्यली?"

मग सुरू झालं आमचं काम, रोज दुपारी, ताई शिवणाच्या वर्गाला गेली की. पत्र्याचं काम चाचांच्या दुकानात, बाकीचं आमच्या सरपणाच्या खोपीत, जिकडे ताई फिरकत नसे. ती विलायती गाडी आपली करायची तर पुष्कळ बदल करावे लागणार होते. धुराडं फार नाजूक होतं. आमच्या इंजिनाचं आखूड आणि जाड. चाचांनी ते काढून चिमणीची नळी कापून बसवली. पुढची जाळी मी एका मोडक्या फणीच्या दातांची केली. मोठा दिवा हवा होता. बाजाराला येणाऱ्या एका बंजारा बाईच्या ओढणीवरून गळालेला गोल आरसा माझ्या डबीत किती दिवसांचा होता, तो चाचांनी इंजिनाच्या कपाळावर बसवून कडेने पत्रा दुमडला. आणि मुख्य म्हणजे इंजिन फिरवलं. विलायती गाडीत इंजिनाचं तोंड पुढे होतं. चाचांनी इंजिनाच्या तोंडालाच एक आकडा झाळून बसवला, म्हणजे टाकी पुढे आणि तोंड डब्यांकडे. आता गंमत बघा, हे करताना आमच्यापैकी एकालाही, मला, चाचांना, आबांना, अगदी प्रत्येक गोष्टीत खोट काढणाऱ्या आत्यालाही, त्यात काही वावगं वाटलं नाही. येणारी गाडीही आम्ही रोज बघत होतो, तिचं इंजिन सरळ असतं हे आंधळ्यालाही दिसलं असतं. पण आमच्या घराला गाडी म्हणजे जाणारी गाडी. तीच डोळ्यांत बसलेली.

रंगाने मात्र रडवलं. काळा रंग आबांनी प्रेसमधून आणला. तो तागाच्या गोणपाटावर छान बसायचा, पत्र्यावरून ओघळायचा. चाचांनी त्यात काजळी खलली तेव्हा कुठे तो दाट झाला. डब्यांना तांबडा पाहिजे होता. मी अक्कल चालवून गेरू वस्त्रगाळ केला आणि जवसाच्या तेलात कालवला. रंग झकास आला, पण वाळेचना! आज वाळेल, उद्या वाळेल. बोट लावलं की बोटाला गेरू. आणि त्या ओल्या डब्यांवर गावची सगळी रुई येऊन बसली. सकाळी बघते तर तिन्ही डब्यांना पांढरी लव फुटलेली. मी तिथेच फतकल मारून भोकाड पसरलं. आबांनी वाकून बघितलं आणि त्यांना हसू आवरेना. "अवं, ही आगगाडी हाय का शेळी?" मला त्यांचा असा राग आला की दिवसभर बोलले नाही. आबांनी मग गुपचूप सगळा रंग रॉकेलने पुसून काढला, पत्र्याच्या डबीत जवसाचं तेल उकळून आटवलं, त्यात गेरू कालवून डबे पुन्हा रंगवले, आणि ते उपड्या दुरडीखाली ठेवून वरून ओलं धोतर पसरलं. जी रुई यायची ती धोतराला चिकटायची. रंग वाळला. आबांनी बारीक पत्र्यात अक्षरं कोरून डब्यांवर 'यवतमाळ – मूर्तिजापूर' छापलं. जन्मभर वीतभर अक्षरं छापणारा माणूस, या मुंगीएवढ्या अक्षरांना श्वास रोखून बसला होता.

खिडक्यांतली माणसं राहिली होती. तिथे चित्रं होती गोऱ्या बायांची, डोक्यावर पिसाच्या टोप्या, आणि चिलीम ओढणाऱ्या एका साहेबाची. त्यांना मी रंग लागू दिला नव्हता. आत्या इतके दिवस तोंड वाकडं करून लांबून बघत होती. एके दिवशी ती हात पुसत आली आणि खिडकीत डोकावून म्हणाली, "बाप्पा! या बाया आपल्या गाडीत कायले बसतीन? आन थो कुंचला इकडं." आणि तिने, त्या जन्मात कधी कुंचला न धरलेल्या बाईने, टोपीवरून हिरवा पदर ओढला, कपाळाला कुंकू लावलं, आणि साहेबाच्या टोपीला पांढरं फासून त्याला पाटील करून टाकलं. मग काय, तिला चढलाच जोर. "हे मोहनाबाई. मायेरी चालली कारंज्याले, तोंड पाह्य कसं फुगलं! हे तिची सासू. थांब, हिले नथ देऊ." दोघी हसून हसून लोळलो. शेवटची खिडकी मी आत्याला दिली नाही. तिथे मी ताई काढली. मसुराच्या डाळीएवढा चेहरा, त्यात दोन ठिपके आणि एक कुंकू. आत्या म्हणाली, "नवरी हाय, रडतांनी काढ." मी म्हटलं, "नाई." हसताना काढायला जागा नव्हती, पण रडताना मी काढणार नव्हते.

ती गाडी आजही आहे. मूर्तिजापूरला ताईच्या कपाटात, काचेआड, आबांची अक्षरं अजून वाचता येतात. आमची खरी गाडी आता बंद पडून किती काळ झाला, रुळांत बाभळी उगवल्या, पण ही तेवढी उभी आहे. ताईचा नातू शहाणा, इंजिनीअर झालाय. दिवाळीला आला की ते इंजिन सरळ करून ठेवायला बघतो आणि आकडा बसत नाही म्हणून कुरकुरतो. ताई त्याच्या हातातून घेते आणि होतं तसं लावून ठेवते. आता नव्वदीला टेकलीय, पण तेवढ्यासाठी खुर्चीतून उठते.

लग्नाच्या दिवशी वऱ्हाड त्याच गाडीने आलं. दुपारी मांडवात खाटा-बाजा टाकून रुखवत मांडलं. आत्याच्या सरगुंड्यांचे आणि करंज्यांचे थर, आणि मधोमध, शेवयांचे रूळ करून त्यावर, आमची गाडी. धुराडात मी रुईचा बोळा खोचला होता, धूर म्हणून. नवरदेवाला रुखवताची चव बघायला आणून बसवलं, भोवती त्यांच्याकडच्या बायाबापड्यांचा गराडा पडला. "अगं बाई, गाडी पाह्य!" "इच्या खिडकीत मानसं बी हायेत!" "हे नथवाली पाह्य!" मी आत्याच्या पाठीमागे उभी होते आणि माझी छाती अशी फुगली होती की चोळीचा हूक तुटायचा. तेवढ्यात नवरदेवाचे मामा पुढे आले. कारंज्याचे कापडाचे व्यापारी, पोट पुढे, आवाज त्याच्याही पुढे. त्यांनी गाडीवर बोट ठेवलं आणि मोठ्याने हसले. "अरे, हे इंजिन तं उलटं लावलं! तोंड मांगं! गाडी कोण्या दिशेनं जाईन, सांगा बरं?" दोनचार जण हसले. मग सगळेच हसले. आणि मामा, वाईट माणूस नव्हता तो, नुसता बोलघेवडा, पण बोलला: "माय असती घरात, तं तिनं सांगतलं असतं पोरीयले, का इंजिनाचं तोंड कोण्या बाजूनं असते."

झालं. जे ऐकू येऊ नये म्हणून इतकं केलं, तेच नेमकं माझ्या गाडीवरून आलं. आत्याचा हात माझ्या खांद्यावर होता, तो असा आवळला गेला की दुखलं. आबा पाण्याचा तांब्या घेऊन उभे होते ते तसेच. मला वाटलं बाज उलथून टाकावी आणि चिंचेपर्यंत पळत सुटावं. आणि इतक्यात आतल्या खोलीच्या पडद्यामागून आवाज आला. हळदीच्या अंगाने, मुंडावळ्या बांधून, जिने त्या दिवशी तोंडातून शब्द काढायचा नसतो ती माझी ताई. "मामाजी, थे उलटं नाई. येते थे गाडी तुमची. हे आमच्याकडून जानारी हाय. आमच्याकडून जातांनी इंजिन असंच जाते, आमच्याकडं पाहत." तिने गाडी तोवर बघितलेलीही नव्हती. पडद्याच्या फटीतून पहिल्यांदा बघत होती.

नवरी बोलली! मामांचं तोंड उघडंच राहिलं. मग नवरदेव, इतका वेळ बाशिंगाखाली मान घालून करंजी कुरतडत बसलेला, खाकरला आणि म्हणाला, "मामा, बरोबर हाय तिचं. जातांनी टाकीच पुढं राह्यते. वारं सुटलं का सारा कोळसा माह्याच डोळ्यात येते ना! तुम्ही डब्यात बसता अन् झोपता, तुम्हाले काय दिसन?" असा हशा उसळला की बाजेवरचे अनारसे हलले. मामाही हसले, पोट धरून हसले, आणि त्यांनी मला पुढे ओढून विचारलं, "तू केली का वं हे?" मी म्हटलं, "मी, आबानं, चाचानं, अन् आत्यानं." नवरदेवाची आई खाली वाकली, त्या शेवटच्या खिडकीवर बोट ठेवलं आणि आत्याला म्हणाली, "हे आमची सून ना? हिच्यामांगं तं लय जन हायेत, बाई." आत्याने पदराने नाक पुसलं आणि लगेच म्हणाली, "सरगुंडे घ्या ना, सरगुंडे काहून राह्यले?" माझी नवरदेवावरची खार निम्मी गेली. सगळी गेली असं म्हणणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने ताई गेली. आबा आणि करीमचाचा स्टेशनावर पोचवायला गेले. आत्या आणि मी मागच्या अंगणात, कुंपणाशी. निघताना आत्याने तिला बजावलं होतं, "नवरीनं मांगं वळून पाह्यचं नसते बरं." बाकीचं रुखवत दुरड्यांत भरून गेलं, पण गाडी ताईने कुणाच्या हातात दिली नाही, मांडीवर घेऊनच ती स्टेशनावर जायला बैलांच्या दमणीत बसली. आदल्या दुपारपासून माझ्या पोटात काही नव्हतं. सगळ्यांनी मिनतवाऱ्या केल्या, मी ढिम्म. गाडी आली. आधी टाकी, मग इंजिन, मग डबे. मी प्रत्येक खिडकीत बघत होते. एका खिडकीत हिरव्या पदराखाली मान समोर धरून ताई बसली होती, आत्याने सांगितलं तशी, मागे न बघता. फक्त हिरव्या चुड्याचा एक हात खिडकीबाहेर होता, आणि तो हात डबा पुढे जाईपर्यंत तसाच राहिला. मग गाडी चिंचेपाशी वळली. सकाळचं ऊन त्या काळ्या तोंडावर पडलं, दिव्याची काच चमकली, आणि ते आमच्याकडे बघत बघत जाऊ लागलं.

माझ्या ओठाला काहीतरी लागलं. आत्याने ओच्यातून करंजी काढली होती. मी तेव्हा कडेवर घेण्याजोगी राहिले नव्हते, तिच्या खांद्याला लागत होते. तरी तिने डाव्या हाताने मला जवळ धरलं आणि करंजीचा तुकडा माझ्या तोंडाशी आणला. इतकी वर्षं ती स्वयंपाकघराच्या खिडकीतून आम्हा दोघींना बघत होती, हे मला तेव्हा कळलं. तिचा आवाज नेहमीसारखाच करडा होता.

"खा लवकर," आत्या म्हणाली. "पाहून राह्यलं तोवर खा."

मी आ केला.